पोटातल्या बाळाचा सिकलसेल, कॅथलिकांचा नकार आणि न ऐकलेली प्रार्थना

विदर्भातील गावागावांत सध्या सिकलसेलची तपासणी सुरू आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेला सुरुवात झाली आणि २०४७ पर्यंत या आजाराला आळा घालण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. तेव्हापासून आश्रमशाळेत, अंगणवाडीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला जातो आणि कोणाचा पॅटर्न, म्हणजे रक्ततपासणीचा निकाल, कोणता निघाला याची चर्चा चौकात होऊ लागते. ज्या घरात नवरा-बायको दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून बिघडलेले जनुक बाळगणारे, निघतात आणि बाईला दिवस गेलेले असतात, तिथे पुढचा प्रश्न लगेच येतो. पोटातल्या बाळाची तपासणी करायची का, आणि आजार निघाला तर गर्भ ठेवायचा का? एखादे श्रद्धाळू कॅथलिक जोडपे या प्रश्नाला पहिल्याच पायरीवर नकार देते, तेव्हा आशाताईंपासून तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत सर्वांना कोडे पडते. शिकलेली, मुलांवर जीव टाकणारी ही माणसे असे का करतात?

या नकाराच्या आत आणखी एक गोष्ट दडलेली असते आणि ती दवाखान्यात कोणी बोलून दाखवत नाही. हेच जोडपे नऊ महिने रोज गुडघे टेकून बाळ निरोगी असावे अशी प्रार्थना करत असते, आणि पुष्कळदा ती प्रार्थना मागितली तशी पूर्ण होत नाही. मी स्वतः कॅथलिक आहे आणि गर्भपाताला माझा विरोध आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण माझ्या शेजाऱ्याला माझ्या धर्माचे म्हणणे पटले नाही तरी ते निदान समजावे, आणि माझ्याच चर्चमधल्या माणसांनी ज्या प्रश्नापुढे मान खाली घातलेली असते तो प्रश्न उघडपणे मांडला जावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

आजार नेमका काय आहे

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात एक लहानसा बदल असतो, त्यामुळे प्राणवायू कमी पडला की गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे असह्य कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तर ही पेशी १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त सतत कमी राहते, डोळे पिवळे दिसतात, मूल लवकर दमते.

आई आणि वडील या दोघांकडूनही बिघडलेले जनुक आले तरच मूल आजारी होते. आमच्याकडे त्याला एसएस पॅटर्न म्हणतात. एकाच बाजूने आले तर ते मूल वाहक, म्हणजे एएस पॅटर्न; त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते. इथे एक गैरसमज घट्ट रुतून बसलेला आहे. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे लोक धरून चालतात. तसे अजिबात नाही. दर वेळी हिशेब नव्याने सुरू होतो.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत हा आजार बराच आढळतो. गावाकडच्या कॅथलिकांतील अनेक घरे याच समाजांतली आहेत, त्यामुळे हा प्रश्न आमच्या उंबऱ्याच्या आत आलेला आहे.

कायदा कुठपर्यंत परवानगी देतो

भारतात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि २०२१ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग अशा ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भात मोठे व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. जन्मणाऱ्या बाळाला गंभीर शारीरिक किंवा मानसिक विकार असण्याची दाट शक्यता हे कायद्याने मान्य केलेले एक कारण आहे, आणि एसएस पॅटर्नचे निदान पुष्कळदा त्याच कारणात बसवले जाते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. उलट बाजूने हेही तितकेच खरे आहे की कायदा परवानगी देतो, सक्ती करत नाही. ‘सरकारचा नियम आहे, पाडावेच लागेल’ असे कोणी गरोदर बाईला सांगत असेल तर ते साफ खोटे आहे.

चर्चचा नकार कशावर उभा आहे

कॅथलिक चर्चची शिकवण एका वाक्यात मावते: गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवनाचा आदर आणि रक्षण झाले पाहिजे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिजममध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, ती स्पष्टपणे मांडलेली आहे. ही शिकवण अलीकडे कोणा पोपच्या मनात आली असेही नाही. ‘दिदाखे’ नावाच्या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लिखाणात, जे साधारणपणे पहिल्या शतकाच्या अखेरचे किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचे मानले जाते, गर्भपात करू नये अशी आज्ञा आहे. ज्या रोमन समाजात नकोसे मूल टाकून देणे सर्रास चालत होते, त्या समाजात ही माणसे तसे करायला नकार देत होती.

जाणकार वाचक इथे अडवतील, आणि त्यांनी अडवावेच. तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित थॉमस अक्विनास यांच्यासारखे लोक ॲरिस्टॉटलच्या विचाराला धरून असे मानत होते की मानवी आत्मा गर्भात काही आठवड्यांनंतर येतो. मग पहिल्या क्षणापासूनचा आग्रह कुठून आला? उत्तर असे की, त्या काळी आत्मा कधी येतो यावर वाद असला तरी गर्भपात हे गंभीर पाप आहे यावर वाद नव्हता. फरक शिक्षेच्या पायरीत होता, आणि तो फरक पोप पायस नववे यांनी १८६९ साली काढून टाकला. व्हॅटिकनने १९७४ साली काढलेल्या घोषणापत्रातही आत्म्याच्या आगमनाचा तात्त्विक वाद मिटवल्याचा दावा केलेला नाही. तिथला मुद्दा निराळा आहे: समोर माणूस असण्याची शंका जरी असेल, तरी त्याचा जीव घेण्याचा धोका पत्करता येत नाही. मला हा युक्तिवाद सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो माहीत नसलेल्या गोष्टीचे ज्ञान असल्याचा आव आणत नाही.

या शिकवणीत बाळाच्या तब्येतीला जागा नाही. निरोगी असेल तर माणूस आणि आजारी असेल तर विचार करू, अशी सवलत तिच्यात नाही. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडला जाऊ नये यासाठी गर्भलिंगनिदान हा गुन्हा ठरवणारा कायदा आपण १९९४ साली केला आणि महाराष्ट्राने तर त्याआधीच, १९८८ साली, तसा कायदा करून देशाला वाट दाखवली. मुलगी असणे हे मारण्याचे कारण होऊ शकत नाही, हे आपण सगळे मानतो. कॅथलिक माणूस एवढेच म्हणतो की आजारी असणे हेही तसे कारण होऊ शकत नाही.

मग तपासणीलाही नकार का

खरे म्हणजे चर्चने तपासणीला सरसकट नकार दिलेला नाही. बाळाचे रक्षण करण्यासाठी किंवा त्याच्यावर उपचार करण्यासाठी तपासणी असेल, आणि बाळाला व आईला त्यातून अवाजवी धोका नसेल, तर ती योग्यच आहे. आजार निघाला तर पाडायचे, असे आधीच ठरवून केलेल्या तपासणीला मात्र चर्चचा विरोध आहे. सिकलसेलची गर्भातील तपासणी साधारण अकराव्या आठवड्यानंतर वारेचा बारीक अंश घेऊन किंवा सोळाव्या आठवड्याच्या आसपास गर्भजल काढून होते, तिच्यात गर्भ पडण्याचा थोडासा धोका असतो, आणि निदान झाल्यावर गर्भात देण्यासारखा रूढ उपचार आज तरी हाती नाही. म्हणून अनेक जोडपी म्हणतात की जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन तपासू. हे अडाणीपणाचे लक्षण मानू नये. लग्नाआधीची रक्ततपासणी, जन्मल्यावरची तपासणी, औषधे, रक्त चढवणे यांपैकी कशालाही चर्चची हरकत नाही.

आईचा जीव धोक्यात असेल तर?

हा आक्षेप सर्वांत जड आहे. बेळगावची सविता हलप्पनवार ही तरुण दंतवैद्य २०१२ साली आयर्लंडमध्ये मरण पावली, ते आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत बरेच आले होते. तिचा गर्भ वाचणार नव्हता हे डॉक्टरांना ठाऊक होते, तिने गर्भपात मागितला होता, पण गर्भाचे ठोके चालू असल्यामुळे तो नाकारण्यात आला आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरून ती दगावली. पुढे २०१८ साली आयर्लंडच्या लोकांनी सार्वमत घेऊन गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवली. गर्भपाताला विरोध करणाऱ्या प्रत्येक कॅथलिकाने हे प्रकरण टाळून पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

चर्चची शिकवण या प्रसंगी डॉक्टरांचे हात बांधत नाही. दुहेरी परिणामाचे तत्त्व म्हणून एक जुना विचार आहे. त्याचे मूळ अक्विनास यांच्या लिखाणात सापडते. एकाच कृतीतून एक चांगला आणि एक वाईट परिणाम होणार असेल, हेतू चांगल्याचाच असेल, वाईट परिणामाचा साधन म्हणून उपयोग केला जात नसेल, आणि कारण तेवढेच मोठे असेल, तर ती कृती करता येते. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असेल तर फुटू पाहणारी नळी काढणे, गरोदर बाईच्या गर्भाशयाला कर्करोग असेल तर ते गर्भाशय काढणे, यात बाळ जाते, पण बाळाला मारणे हा उपचार नसतो. अमेरिकेच्या बिशपांनी कॅथलिक रुग्णालयांसाठी केलेल्या नियमांतही आईच्या गंभीर आजारावरचा आवश्यक उपचार, तो बाळ जगण्याच्या वयाचे होईपर्यंत थांबवता येत नसेल तर, बाळ दगावण्याची शक्यता असली तरी करण्यास परवानगी आहे. सीमारेषेवरच्या काही प्रसंगांवर धर्मपंडितांत अजूनही मतभेद आहेत, हे नाकारता येत नाही. पण आई मरत असताना हातावर हात ठेवून बसा, अशी शिकवण नाही, आणि तशी ती आहे असे समजणारा डॉक्टर किंवा धर्मगुरू धोकादायक आहे.

मागितले ते मिळाले नाही, मग प्रार्थना कशासाठी?

आमच्या चर्चमधल्या एका वहिनींचा मोठा मुलगा एसएस पॅटर्नचा आहे. थंडीत रात्री त्याच्या नडग्या ठणकायला लागल्या की त्या तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीने शेकतात, थोडे थोडे पाणी पाजतात, आणि कळ थांबली नाही तर त्याला दोघांच्या मध्ये बसवून दादा, म्हणजे त्यांचे यजमान, मोटारसायकल काढतात. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. त्यांनी आपुलकीनेच सांगितले, “वहिनी, कायद्यात बसते. तपासून तर घ्या.” त्यावर वहिनी म्हणाल्या, “मोठा पोरगा बी तसाच हाय ना जी. मंग त्याले का सांगू मी?” आणि त्यांनी नोव्हेना धरली. नोव्हेना म्हणजे ओळीने नऊ दिवस किंवा नऊ आठवडे एकाच हेतूने केलेली प्रार्थना. घरात रोज जपमाळ होत होती, मुलगाही आईबरोबर म्हणत होता. बाळ झाले, मुलगी झाली. तिचाही रिपोर्ट एसएस आला.

यानंतर वहिनी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, येत राहिल्या, पण बरेच दिवस त्यांच्या हातात जपमाळ दिसली नाही. हे कोणी त्यांना विचारले नाही, ते बरेच झाले. कारण अशा वेळी आमच्याकडची माणसे जी उत्तरे देतात, ती बहुतेक चुकीची असतात. श्रद्धा कमी पडली असेल, असे कोणी म्हणते. घराण्यात काही पाप असेल, असेही कोणी म्हणते. दुसऱ्या उत्तराला तर येशूने स्वतः खोडून काढले आहे. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले होते की पाप याचे की याच्या आईबापांचे, आणि येशूने दोन्ही नाकारले. योहानच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात हा प्रसंग आहे. आनुवंशिक आजाराच्या घरात तो मोठ्याने वाचला जायला हवा.

पहिल्या उत्तराचेही तसेच. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने तीनदा प्रार्थना केली की हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळू दे, आणि तो टळला नाही. संत पौलाने आपल्या शरीरातील एक काटा, म्हणजे कसलातरी सततचा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली; काटा तसाच राहिला. यांची श्रद्धा कमी होती, असे म्हणायची कोणाची हिंमत आहे? मागा म्हणजे मिळेल, असे येशू म्हणाला हे खरे, आणि ते वाक्य आम्ही लहानपणापासून पाठ करतो; पण ते म्हणणाऱ्याची स्वतःची प्रार्थनाही मागितली तशी पूर्ण झाली नाही, हे त्याच ग्रंथात काही पानांपुढे लिहिलेले आहे. दोन्ही एकत्र वाचावे लागते.

देवाला सगळे आधीच ठाऊक असेल आणि त्याचे ठरलेले असेल, तर मागायचेच कशाला? अक्विनास यांनी हा प्रश्न घेतला आहे. त्यांचे उत्तर असे की आपण देवाचे मन बदलण्यासाठी प्रार्थना करत नाही. देवाने ज्या गोष्टी प्रार्थनेच्या वाटेनेच द्यायच्या ठरवल्या आहेत, त्या मिळाव्यात म्हणून करतो. आमच्या भागात हे समजायला जड जाऊ नये. धान देव देतो असे म्हणणारा शेतकरी म्हणून रोवणी सोडत नाही, कारण देव देणार ते त्याच्या रोवणीतूनच देणार हे त्याला माहीत असते. आणि रोवणी करूनही पावसाने दगा दिला तर रोवणी खोटी होती, असे तो म्हणत नाही.

तरीही हे उत्तर डोक्याचे समाधान करते, काळजाचे करत नाही. रात्री दोन वाजता विव्हळणाऱ्या मुलाच्या आईला अक्विनास सांगू नये. तिच्यासाठी बायबलमध्ये दुसरी जागा आहे. स्तोत्रांच्या पुस्तकात देवाकडे तक्रार करणारी, का ऐकत नाहीस असे त्याच्या तोंडावर विचारणारी पुष्कळ स्तोत्रे आहेत. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, ही क्रुसावर येशूच्या तोंडी आली. म्हणजे देवावर रागावणे ही प्रार्थनेबाहेरची गोष्ट नाही. चर्चने ही स्तोत्रे आपल्या रोजच्या उपासनेत ठेवली आहेत, पण गावातल्या प्रवचनांत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, याची मला खंत वाटते.

मदर तेरेसांच्या पत्रांतून काय कळले

न ऐकलेली प्रार्थना आणि गर्भपाताला विरोध या दोन्ही गोष्टी एकाच माणसात पाहायच्या असतील तर मदर तेरेसांकडे पाहावे. डिसेंबर १९७९ मध्ये ओस्लो येथे नोबेल शांतता पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी गर्भपात हा शांततेचा सर्वांत मोठा विध्वंसक आहे, असे जगापुढे सांगितले. नकोसे मूल मारू नका, आम्हाला द्या, असे त्या म्हणत आणि कोलकात्यात तशी मुले त्या सांभाळत, दत्तक देत. हे सगळ्यांना ठाऊक होते.

जे ठाऊक नव्हते ते त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा कळले. रस्त्यावरच्या माणसांसाठी काम सुरू केल्यानंतर लवकरच त्यांच्या आत काळोख पसरला होता आणि मधला एक थोडका काळ सोडला तर तो जन्मभर टिकला. देवाचे अस्तित्व जाणवत नाही, प्रार्थना रिकामी वाटते, असे त्या आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहीत होत्या. या काळात त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि मुलांना घेणेही थांबवले नाही. काही लोकांनी या पत्रांवरून त्यांना ढोंगी ठरवले. मला उलट वाटते. ज्या बाईला देवाकडून काहीच परत मिळत असल्याचे जाणवत नव्हते, तिने मुलांना घेतले ते काही मिळेल म्हणून घेतले नाही, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

देवाने ऐकले नाही, तर चर्चचे का ऐकावे?

हा प्रश्न मला एका तरुणाने थेट विचारला होता. त्याचे म्हणणे असे: देवाने आपली बाजू पाळली नाही, मग आम्ही आमची का पाळायची?

त्याच्या प्रश्नात एक सौदा गृहीत धरलेला आहे. आम्ही गर्भपात करणार नाही, त्याबदल्यात तू बाळ निरोगी दे. असा सौदा मनात होतो, अनेकांच्या होतो, आणि तो होणे माणसासारखेच आहे. पण चर्चची शिकवण या सौद्यावर उभी नाही. पोटातल्या बाळाचा जगण्याचा हक्क हे देवाने माझी प्रार्थना ऐकल्याचे बक्षीस नसते. तो त्या बाळाचा स्वतःचा असतो. वहिनींनी देवाकडे मागितले होते ते आजारापासून मुक्तता. ती मिळाली नाही. मुलगी मात्र मिळाली, आणि ती कोणाच्या मागणीचे उत्तर नव्हे, ती स्वतः कोणीतरी आहे. रिपोर्टलाच देवाचे उत्तर मानले की बाळ ही वाईट बातमी होऊन बसते. आजार ही वाईट बातमी आहे, बाळ नाही, एवढा भेद धरून ठेवण्यासाठी कॅथलिक माणूस धडपडत असतो, आणि त्याचा प्रार्थनेचा प्रश्न न सुटताही तो हा भेद धरू शकतो. माझ्या समजुतीप्रमाणे या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे.

आयुष्यभर कळा सोसायला बाळाला जन्म द्यायचा का?

हा आक्षेप घेणारे निर्दय नसतात. बहुतेक वेळा त्यांनी असे एखादे मूल जवळून पाहिलेले असते. त्यांना दोन गोष्टी सांगता येतात. पहिली वैद्यकीय आहे. सिकलसेलची तीव्रता प्रत्येकात सारखी नसते, आणि गर्भातला रिपोर्ट पॅटर्न सांगतो, पुढे त्रास किती होईल ते सांगत नाही. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या नियमित घेतल्या तर कळांचे झटके कमी होतात. लहान वयात पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस दिली तर जीवघेणे संसर्ग टळतात. हा आजार असलेली माणसे शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. त्रास होत नाही असे मी म्हणणार नाही. काहींना फार होतो आणि काही लहानपणीच जातात.

दुसरी गोष्ट अशी की दुःख टाळण्यासाठी दुःख भोगणाऱ्यालाच नाहीसे करणे, हा उपचार मानायला कॅथलिक मन तयार होत नाही. वहिनींचा तो प्रश्न, मोठ्याला काय सांगू, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. तुझ्यासारखे आणखी कोणी नको होते, हे त्या मुलाला कोणत्या शब्दांत सांगायचे?

सर्वांनी हे मानलेच पाहिजे का? देशाचा कायदा वेगळे म्हणतो आणि शेजारच्या घरातल्या निर्णयात दंडुका घेऊन शिरायचा मला अधिकार नाही. माझे म्हणणे मांडायचा, आणि माझ्या घरातल्या बाईवर उलटा दबाव येऊ नये म्हणून तिच्या बाजूने उभे राहायचा अधिकार मात्र आहे.

जिने गर्भपात केला, तिचे काय?

चर्चच्या कायद्याप्रमाणे जाणूनबुजून गर्भपात घडवून आणणाऱ्यावर आपोआप बहिष्कार लागू होतो, म्हणजे त्याला संस्कार, म्हणजे चर्चचे पवित्र विधी, घेता येत नाहीत. ही शिक्षा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्या मर्यादा कोणालाच ठाऊक नसतात. सोळा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलीला ती लागत नाही. जबर भीतीपोटी केलेल्या कृत्याला, किंवा अशी शिक्षा आहे हे जिला माहीतच नव्हते तिला, ती आपोआप लागू होत नाही. सासरच्या धाकाने दवाखान्यात नेलेली सून यातच येते. उलट तिला तिथे नेणारे, पैसे मोजणारे, गप्प राहून संमती देणारे पुरुष आपल्या वाट्याचा विचार कधीच करत नाहीत आणि रविवारी पहिल्या रांगेत बसतात.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली लिहिलेल्या परिपत्रात अशा स्त्रियांना उद्देशून एक परिच्छेद आहे. तुमच्या निर्णयामागे किती दबाव असू शकतात हे चर्चला ठाऊक आहे, आशा सोडू नका, असा त्याचा आशय आहे. पूर्वी या पापाची क्षमा देण्यासाठी धर्मगुरूंना सामान्यतः बिशपांकडून अधिकार घ्यावा लागत असे. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये तो अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. म्हणजे गावातल्या साध्या फादरांकडे पापनिवेदनाला गेले तरी पुरते, नागपूर-अमरावतीला जावे लागत नाही. ही बातमी कित्येक बायांपर्यंत अजून पोहोचलेली नाही, आणि ती पोहोचवण्याचे काम व्यासपीठावरून गर्भपातावर कडक बोलण्याइतकेच तातडीचे आहे.

नकारानंतरचे काम

गर्भपाताला नाही म्हणणारे चर्च त्या बाळाच्या पुढच्या आयुष्याला हो म्हणते का, हे तपासून पाहायचे तर ते प्रवचनात दिसत नाही, गावात दिसते. विवाहपूर्व शिबिरात आम्ही जोडप्यांना दोन दिवस बसवतो. त्या शिबिरातच दोघांची सिकलसेल तपासणी आणि समुपदेशन व्हायला हवे, म्हणजे निर्णय मोकळ्या मनाने, वेळेवर घेता येईल. रक्त चढवायची वेळ आली की बाप एकटाच रक्तपेढीच्या दारात उभा राहतो. त्याच्याबरोबर जायला चार तरुण तयार असायला हवेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, एस.टी. प्रवासात सवलत मिळते, पण प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी चकरा माराव्या लागतात आणि त्यात मजुरी बुडते. फॉर्म भरून देणारे, फाइल घेऊन सोबत जाणारे माणूस प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या परिसरात, नेमता येते. त्याला पैसा फारसा लागत नाही.

शाळेचेही सांगितले पाहिजे. या मुलांना सतत पाणी प्यावे लागते, म्हणून वारंवार लघवीला जावे लागते; थंडीत कुडकुडणे किंवा उन्हात पळणे त्यांना झेपत नाही, आणि महिन्यातून काही दिवस ती शाळेत येऊच शकत नाहीत. मुलगा तासाला उठून बाहेर जातो म्हणून त्याला वर्गाबाहेर उभे केले जाते आणि हजेरी कमी म्हणून पालकांना बोलावणे धाडले जाते, हे मी पाहिलेले आहे. प्रत्येक शिक्षकाला या आजाराची माहिती असावी, बाकावर पाण्याची बाटली ठेवायची आणि न विचारता बाहेर जायची मुभा असावी, आजारपणाच्या रजेचा हजेरीवर परिणाम होऊ नये, हे नियम आधी आमच्या कॅथलिक शाळांत लागू व्हायला हवेत, कारण या मुलांनी जन्माला यावे असा आग्रह आम्हीच धरलेला आहे.